रांगेबाहेरचा समुद्र

ज्या घरातून कुणीच समुद्र पाहिला नाही असं घर आपल्यात सहसा सापडायचं नाही. सहा डिसेंबरला दादरला गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. मी स्वतः अकरा वेळा पाहिला. पण कसा पाहिला म्हणाल, तर रांगेतून. खांद्याला पिशवी, एका हाताला पोरगं, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं, आणि पुढच्या बाईचा पदर नजरेआड होऊ द्यायचा नाही. चैत्यभूमीला अभिवादन झालं की वाळूत बसून चटणी-भाकर खायची, पोरं मोजायची, एखादं पुस्तक, एखादी दिनदर्शिका घ्यायची आणि नांदेडची गाडी गाठायची. समुद्र तिथंच होता, दहा पावलांवर. त्यात पाय घालायचं कधी सुचलं नाही. त्या दिवशी पाण्यात खेळायचं तरी कसं?

माझी लातूरची एक मैत्रीण आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. आम्ही दोघी अंगणवाडी सेविका. चाळीस वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला एका खोलीत, एका सतरंजीवर झोपलो, तेव्हापासूनची ही मैत्री. लग्नं, बाळंतपणं, मोर्चे, मानधनवाढीची आंदोलनं, सगळं बरोबर केलं. तिचे मालक गेले तेव्हा मी लातूरला दहा दिवस राहिले. एवढं असून आम्ही दोघी मिळून फिरायला म्हणून कधी कुठं गेलो नव्हतो. आपल्या माणसाचा प्रवास बिनकामाचा नसतोच. लग्न, मयत, दवाखाना, दीक्षाभूमी, नाहीतर महाडला तळ्यावर. कुणी विचारलं, कुठं निघालात, तर उत्तर तयार लागतं.

दोन वर्षांमागे तिचा भाचा कंपनीतल्या मित्रांबरोबर थायलंडला जाऊन आला. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. दोन-चार विहारं होती, बाकी सगळी फुकेत आणि क्राबीकडची बेटं. हिरव्या पाण्यातून सरळ उभे राहिलेले डोंगर, लांब चोचीच्या होड्या, पांढरी वाळू. अक्काने ते फोटो दहा वेळा पाहिले आणि मला फोन केला, "मला बी बेट बघायचंय. पासपोर्ट काढायचा." मग आम्ही खरंच कागद गोळा करायला लागलो. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधार कार्डावर दुसरी. एका कागदावर नावापुढे 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही. ही 'बाई' कुठून आली आणि कुठं गेली, हे सिद्ध करता करता आमचा दम निघाला. खर्चाचा आकडा ऐकल्यावर तर उरलासुरलाही गेला.

अक्का म्हणाली, "थायलंड जाऊ दे. आपल्याकडं बेटं नाहीत का?"

आहेत की. जंजिरा बेटावर आहे, सुवर्णदुर्ग बेटावर आहे. शिवाय १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून अक्काने थोडे बाजूला ठेवले होते, तिच्या पोरांना त्याचा पत्ता नव्हता. माझ्या घरी आमच्या ह्यांनी विचारलं, "दोघी बाया समुद्रावर कशाला?" मी म्हटलं, "बघायला." ते पुढे काही बोलले नाहीत. सुनेने मात्र चकल्या करून दिल्या आणि हळूच सांगितलं, "आत्या, फोटो पाठवा."

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही निघालो. नांदेडहून पनवेलला जाणारी गाडी लातूरवरूनच जाते, हे आमच्या पथ्यावर पडलं. मी संध्याकाळी नांदेडला बसले, अक्का रात्री लातूरला चढली. चढताना डब्याची दांडी तिने दोनदा चाचपली. आल्या आल्या शेजारच्या माणसाचा चहाचा कप तिच्या कोपराने सांडला. मी हसले. "म्हातारी झालीस अक्का," असंही म्हणाले. ते बोलणं मला पुढे टोचलं.

गाडीतच तिने अट घातली. "हे बघ, या खेपेला रांगेत उभं राहायचं नाही. कुठं माथा टेकायला जायचं नाही, तळ्यावर नाही, लेण्यावर नाही. नुसतं फिरायचं." मला हे पटलं नाही. महाड वाटेवर असताना जायचं नाही म्हणजे काय! आम्ही दौंडपर्यंत त्यावर भांडलो. ती म्हणाली, "तू महाडला किती खेपा गेलीस?" तीन खेपा. "मग तिथून समुद्र जवळ हाय, हे तुला माहीत होतं का?" नव्हतं माहीत. महाडजवळून वाहणारी सावित्री पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. तीनदा गेलेल्या मला ती नदी कुठं जाते हा प्रश्नही पडला नव्हता.

पनवेलहून अलिबाग, अलिबागहून मुरूड. मुरूडला पोहोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. पिशव्या खोलीवर टाकल्या आणि थेट किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर आमच्या चपलांचे ठसे उमटत होते. मी लुगडं घोट्याच्या वर धरून पाण्यात गेले. लाट आली, पाय भिजले, आणि परत जाताना तिने टाचेखालची वाळू काढून घेतली. भुई हलल्यासारखं झालं. अक्का एकदम माझा दंड धरून ओरडली. तीस सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूरच्या माणसाच्या पायातून अजून गेलेली नाही, हे माझ्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग आम्ही कोरड्या वाळूवर बसलो. थोड्या वेळाने तीच उठली, परत गेली, आणि या खेपेला वाळू सरकली तरी उभी राहिली. गुडघ्यापर्यंत लुगडं भिजवून आली. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि एक घोट कामाचा नाही."

हे ती का म्हणाली, ते मराठवाड्याबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली ती पाच लाख लिटरची. वर्तमानपत्रांत त्या गाडीचे फोटो आले. अक्काच्या अंगणवाडीत त्या उन्हाळ्यात खिचडी शिजवायला लागणारी घागर ती घरून डोक्यावर आणायची, आणि घरात त्या दिवशी धुणं व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. इंजिन नाही, नुसता वारा. नावाडी दोरी ओढतो, शीड फुगतं, होडी एका अंगावर कलते आणि सगळ्या बायका "अगं माय" करतात. किल्ला लांबून पाहिला तर त्याला दारच दिसत नाही. होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधे ते उघडतं. आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचा हा किल्ला. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, पण तो कुणाला घेता आला नाही. भारतात विलीन होईपर्यंत, १९४८ पर्यंत, जंजिरा संस्थान सिद्द्यांकडेच होतं.

होडी पायऱ्यांना टेकत नाही. लाटेबरोबर खालीवर होते, आणि वर आली की उडी मारायची, नावाडी हात देतो. मी उतरले. अक्काने पाय टाकला तो पायरीवर नाही, होडी आणि पायरीच्या फटीत. नावाड्याने तिला काखेत धरून वर ओढलं म्हणून बरं. नडगी सोलली, रक्त आलं. मी भ्यायले होते, आणि भ्यायलं की मला राग येतो. "डोळे फुटलेत का तुझे? समोर पायरी दिसत नाही?" सगळ्यांसमोर बोलले. ती काही बोलली नाही. पदराने नडगी बांधली आणि चालायला लागली.

आत किल्ल्याच्या मध्यावर एक मोठं तळं आहे. हिरवट पाणी, कडेने दगडी पायऱ्या. वाट दाखवणारा म्हणाला, हे पाणी गोडं आहे. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याची तळी, म्हणून तर एवढे दिवस वेढा पडला तरी आतली माणसं तग धरू शकली. अक्का तळ्याच्या पायरीवर बसली. बाकीची मंडळी मोठी तोफ बघायला वर गेली. मी तिच्याजवळ बसले, माफी मागायची होती, पण सुरुवात तिनेच केली.

"फुटलेतच म्हण. काचबिंदू हाय."

सात-आठ महिन्यांपूर्वी कळलं होतं. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची म्हणून रोज थेंब घालायचे. पोरांना तिने "नंबर बदललाय" एवढंच सांगितलं होतं. सांगितलं असतं तर घराबाहेर पडू दिलं नसतं. "अंगणवाडीत इतक्या पोरांचे डोळे तपासून घेतले गं मी," ती म्हणाली, "माझे तेवढे राहिले." मग म्हणाली, "थायलंडचं खूळ मला उगीच लागलं नव्हतं. आधी बघून घ्यावं वाटलं."

त्या पाण्याकडे बघत आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. नावाड्याने हाका मारल्या. परत होडीत बसताना मी आधी उतरले, तिचा हात हातात घेतला आणि "लाट वर... आता," असं म्हणाले. त्यानंतर सबंध प्रवासात मी तिच्या डाव्या अंगाला राहिले. तिकडचं तिला कमी दिसतं.

दुसऱ्या दिवशी तिनेच आपली अट मोडली. मुरूडहून रिक्षा ठरवून कुडा लेणी बघायला गेलो. मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून डोंगरात सव्वीस लेणी कोरलेली आहेत, साधारण अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची. आम्ही गेलो तेव्हा एकही माणूस नव्हता. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांचे धंदे लिहिलेले आहेत. माळी आहे, वैद्य आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, भिक्खुणी आहेत. ब्राह्मी आम्हा दोघींनाही वाचता येत नाही. अक्का भिंतीवरच्या अक्षरांजवळ डोळे नेऊन एकेक अक्षर बघत होती, जणू ओळख पटतेय का ते पाहावं. वंदना घेतली, ओट्यावर बसून चकल्या खाल्ल्या. खालच्या खाडीतून त्या काळी जहाजं ये-जा करत असणार. दुपारभर तिथंच पडून राहावं असा गारवा होता.

पुढचे दोन दिवस फेरीबोटीचे. आगरदांड्याहून दिघी, मग श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून वेशवी. एसटीसकट बोटीत चढणारी माणसं, मोटारसायकली, बकऱ्या. एका गावात घरगुती खोली बघितली. मालकीणबाई गोड बोलल्या, चहा विचारला, आणि मग आडनाव विचारलं. आम्ही सांगितलं. तेवढ्यात त्यांना आठवलं की खोलीचं आधीच कुणी तरी सांगून ठेवलंय. गावाचं नाव लिहीत नाही. अक्का रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "मला बाजूचं दिसत नाही, ह्यांना समोरचं दिसत नाही." दोघी भर रस्त्यात हसलो. रात्र मात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढावी लागली, आणि थंडी होती.

मंडणगडच्या स्टँडवर उतरल्यावर अक्काने मला न विचारता आंबडव्याला जायची चौकशी केली. बाबासाहेबांचं मूळ गाव. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "रांग नसंल तर जाऊ." रांग नव्हती. आम्ही दोघीच होतो.

हर्णैला मला माझ्या घरचं काहीतरी सापडलं. संध्याकाळी तिथं मासळीचा लिलाव होतो. होड्या उथळ पाण्यात थांबतात आणि मासळी किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात घालतात. पोटापर्यंत पाण्यात उभे असलेले बैल मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. आमच्याकडे पोळ्याला नदीवर बैल धुतात तेवढंच. अक्काने विचारलं, "ह्या बैलाला समुद्राचं भ्या वाटत नसंल?" गाडीवाला म्हणाला, "मावशी, ह्याला शेताचं वाटेल." किनाऱ्यावर सुकट वाळत घातलेली होती. नांदेडच्या बाजारात मी आयुष्यभर मापाने सुकट घेतली. पावसाळ्यात भाजी परवडत नाही तेव्हा कांद्यात परतलेली मूठभर सुकट आणि ज्वारीची भाकर, यावर आमच्या घरातली पोरं वाढली. ती अशा कुणा कोळणीच्या हाताखालून येते, हे कधी मनात आलं नव्हतं. मी शेरभर घेतली. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसत होता. पुढच्या वर्षी, २०२५ ला, तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, तेव्हा अक्काचा फोन आला होता, "आपला किल्ला पेपरात आलाय."

दापोलीहून रत्नागिरी हा कंटाळवाणा प्रवास. वळणंच वळणं, अक्काला उलट्या झाल्या. पण रत्नागिरीत थिबा राजवाडा बघितला आणि थायलंडला न गेल्याचं शल्य बरंच कमी झालं, कारण तिकडचा राजाच इथं येऊन राहिलेला.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, बौद्ध. त्याचे वडील मिंडन राजे यांनी मंडाले इथं सबंध त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतलं होतं. १८८५ साली इंग्रजांनी राज्य घेतलं, आणि १८८६ मध्ये राजा, राणी सुपयालत आणि लहान मुली यांना रत्नागिरीला आणून ठेवलं. हा मोठा वाडा तर बऱ्याच वर्षांनी, १९१० च्या सुमारास बांधून झाला. त्यात राजा जेमतेम सहा वर्षं राहिला. १९१६ साली इथंच वारला, त्याची कबर शहरातच आहे. इंग्रजांचा हिशेब बघा, दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला नेऊन ठेवलं, तो तिकडे १८६२ ला गेला, आणि ब्रह्मदेशाच्या राजाला इकडे आणलं. माणूस घरी परतू नये एवढंच पाहायचं.

राजाचं कुटुंब १९१९ मध्ये परत गेलं. पण थोरल्या राजकन्येला राजवाड्यातल्याच एका मराठी नोकरापासून मुलगी झाली होती, तुतू. ती राजकन्या मुलीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथंच राहिली. तुतू इथंच वाढली, इथल्याच माणसाशी तिने संसार केला, मराठी बोलली, गरिबीत दिवस काढले आणि २००० साली गेली. राजाची नात! २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या कबरीवर येऊन गेले, पण तोवर तुतूला जाऊन बारा वर्षं झाली होती.

अक्का वरच्या मजल्याच्या खिडकीशी उभी होती. तिथून भाट्याची खाडी दिसते आणि पलीकडे समुद्र. मी तिला सांगत होते, बाबासाहेब १९५४ साली बौद्ध परिषदेला रंगूनला गेले होते, वगैरे. ती ऐकत नव्हती. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवत होती. नजरेच्या नळीत एका वेळी मावेल तेवढा समुद्र घेत होती, आणि टोकाला पोहोचली की पुन्हा डावीकडून. मी गप्प झाले.

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने पनवेल, आणि तिथून आपली नांदेडची गाडी. रात्रभर सुकटीच्या वासाने शेजारचे लोक नाकाला रुमाल लावून बसले होते. अक्काने पोरांना डोळ्यांचं सांगायचं कबूल केलं, पण लगेच नाही, "फोटो दाखवून झाल्यावर." थेंबांची बाटली मी रात्री आठवणीने तिला दिली.

लातूर आलं तेव्हा अजून उजाडायचं होतं. मी तिची पिशवी घेऊन दारापर्यंत गेले आणि पायऱ्या मोजून सांगितल्या. ती खाली उतरली, फलाटावर नीट उभी राहिली. थोरला मुलगा घ्यायला आला होता. मला वाटलं, आता गळ्यात पडेल, रडेल. पण ती घाईत होती.

"जा तू, बस जाग्यावर," ती खालून म्हणाली. "मला पळायला पाहिजे. आज आमच्या गल्लीत नळाचा वार हाय."